तलावाच्या मरळमध्ये पारा निघालाय, रिपोर्ट कसा वाचायचा?

तळ्याकाठचा

राम राम मंडळी. जरा सविस्तर लिहायलोय. ज्याला खरंच कळतं त्यानंच उत्तर द्या, अंदाजपंचे नको.

आमची मच्छीमार संस्था आहे, अंबाजोगाई आन् रेणापूरच्या मधल्या पट्ट्यात. पाटबंधारेचा एक लहान तलाव ठेक्यानं आहे. मी सचिव, म्हणून कागदाची सगळी भानगड माझ्याच गळ्यात. पावसाळ्यात तलावात पाणी आलं की कटला, रोहू, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटाएवढं बियाणं, सोडतो. खाद्य टाकत नाही, परवडत नाही. चिलापी आम्ही कधीच सोडली नाही, ती आपली आपण आली आन् आता घालवून जात नाही. मरळ, वाम, शिंगाडा हे मासे मूळचे.

दिवाळीनंतर एका व्यापाऱ्यानं आमचे क्रेट जसेच्या तसे परत पाठवले. मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ फिरायलाय म्हणे, ‘तळ्यात सोडलेल्या माशात पारा असतो, बियाणं सोडताना औषध टाकतात’ असला. गिऱ्हाईक विचारायलंय, माल नको. बर्फ वितळायच्या आत गावोगाव फिरून निम्म्या भावात विकावा लागला.

मग संस्थेत वर्गणी काढली आन् एका खाजगी लॅबला नमुने दिले. तलावाचं पाणी, दीड किलोचा कटला, एक रोहू, आन् एक मरळ, अडीच किलोच्या वरचा, ठाव जाळ्यात आलेला. रिपोर्ट आला तो असा: पाणी, पारा ‘बीडीएल’. कटला ०.११. रोहू ०.०९. मरळ १.९. पुढं एमजी पर केजी लिहिलंय.

नेटवर बघितलं तर माशाला मर्यादा ०.५ दिसायली. म्हणजे मरळ जवळपास चौपट! आन् पाण्यात म्हणायलेत काहीच नाही. पाण्यात नाही तर माशात आला कुठून? बियाण्यातून? परळीच्या वीजकेंद्राच्या राखेतून? लॅबला फोन केला तर ‘आम्ही आकडा देतो, अर्थ सांगत नाही’ म्हणून ठेवून दिला. आमचे अध्यक्ष म्हणायलेत रिपोर्ट फाडून टाका आन् गप बसा.

आता खरी अडचण. थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा चालू आहे. आमच्या आईनं तिला मरळचा रस्सा चालू केलाय. मरळ म्हणजे ताकद, आजाऱ्याला मरळ, बाळंतिणीला मरळ, हे आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या. विकायला कटला-रोहू, आन् मोठा मरळ घावला की घरी. रिपोर्टचं मी घरात अजून काढलं नाही.

---

गोलाईवाला

माल परत पाठवणारा व्यापारी मी नाही, पण मीही पाठवला असता. आमचं गिऱ्हाईक सुटलं की सुटलं. आंध्रचा माल रोज बर्फात येतो, त्याला कोणी पारा विचारत नाही, गावच्या तळ्याला मात्र शंभर प्रश्न. तुमच्या हातात कटला-रोहूचा चांगला रिपोर्ट असला तर अध्यक्षांचं ऐकू नका. फाडू नका, लॅमिनेट करा. आम्हाला दाखवायला कामाला येतो.

---

काचनळी

भाऊ, पहिल्यांदा रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. ‘ड्राय वेट बेसिस’ किंवा ‘ऑन ड्राय बेसिस’ असं काही आहे का? आणि ओलाव्याची टक्केवारी कुठं दिलीय का? ते कळल्याशिवाय १.९ला घाबरायचंही कारण नाही आणि निश्चिंत व्हायचंही नाही.

तोवर पाण्याचं सांगतो. बीडीएल म्हणजे ‘त्यांच्या यंत्राला दिसला नाही’, ‘नाही’ असं नव्हे. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. बहुतेक तलावांत पारा त्याच्याही खूप खाली असतो, तिथं साध्या पद्धतीनं काही दिसत नाही. पण मरळसारख्या शिकारी माशाच्या मांसात तो पाण्यापेक्षा लाखो पटींनी साठू शकतो. तेव्हा पाण्याचा स्वच्छ रिपोर्ट घेऊन माशाबद्दल काही बोलता येत नाही. पुष्कळ संस्था पाणीच तपासतात आणि ‘आमचा तलाव पारामुक्त’ असा फलक लावतात, त्या फलकाला काही अर्थ नाही.

---

तळ्याकाठचा

आहे दादा! अगदी खाली, ‘रिझल्ट्स ऑन ड्राय वेट बेसिस’. आन् एका कोपऱ्यात मॉइश्चर ७८ टक्के. हे कोणाला दिसणार?

---

काचनळी

मग हिशोब असा. मासा वाळवून भुकटी करून तपासला आणि आकडा त्या भुकटीचा दिला. मर्यादा मात्र ओल्या माशाला, म्हणजे ताटात येतो त्या मांसाला लागू असते. ७८ टक्के पाणी गेलं, २२ टक्के उरलं. म्हणून १.९ ला ०.२२ ने गुणा: ०.४२. कटला ०.११ चा होतो ०.०२४. रोहू ०.०२.

आपल्याकडे साध्या माशाला ०.५ आणि शिकारी माशाला १.० अशी मर्यादा धरतात. तुमचे कटला-रोहू त्या हिशोबात जवळजवळ रिकामे आहेत, ते डोळे झाकून विका. गोलाईवाल्यांना रिपोर्ट दाखवताना ओल्या वजनाचा आकडा लॅबकडूनच लेखी घ्या, स्वतः पेनानं लिहू नका.

मरळ कागदावर मर्यादेत बसतो. पण गोष्ट तिथं संपत नाही. शिकारी माशातला पारा बहुतेक सगळा मिथाइल पारा (पाऱ्याचं अंगात साठणारं रूप) असतो, तोच घातक. २०१२ साली दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेनं उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रकडचे मासे तपासले होते. तिकडं रिहंद धरणाच्या आसपास कोळशाची वीजकेंद्रं दाटीनं आहेत. तेव्हा त्यांनी मिथाइल पाऱ्याला ०.२५ ही मर्यादा धरली होती. त्या मापानं तुमचा मरळ वर जातो.

---

गोदाकाठची

मी पैठणकडची, प्राणिशास्त्र शिकवते. ‘आला कुठून’ याचं उत्तर देते, कारण इथं सगळे बियाण्यावरच अडकतात.

बियाण्यातून नाही. साधा विचार करा: तुम्ही सोडलेली बोटुकली दहा ग्रॅमच्या आसपास, काढताना मासा किलो-सव्वा किलोचा. त्याच्या अंगातलं जवळजवळ सगळं मांस तुमच्या तलावातच तयार झालंय, मग त्यातला पाराही तलावातलाच. बोटुकलीत थोडा असलाच तरी शंभर पट वजनात तो विरून जातो. लवकर वाढणारा, वर्षा-दीड वर्षात निघणारा मासा म्हणूनच स्वच्छ राहतो. त्यात कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू-मृगळ शेवाळ आणि कुजका पाला. साखळी आखूड. मरळ खातो बेडूक, झिंगे, चिलापीची पिल्लं, आणि तुमची बोटुकलीसुद्धा. सावकारी व्याजासारखं आहे हे, प्रत्येक पायरीला मुद्दल वाढतं आणि शेवटच्याच्या डोक्यावर सगळं येऊन बसतं. अडीच किलोचा मरळ एका वर्षाचा नसतो. मिथाइल पारा माशाच्या अंगातून फार सावकाश बाहेर पडतो, खाणं मात्र रोज चालू.

खाद्य टाकणाऱ्यांचं थोडं वेगळं. कोंडा-पेंडीवर वाढवलेल्या कार्पमध्ये पारा यायला वाट कमी. समुद्री माशाच्या भुकटीच्या गोळ्या दिल्या तर त्या माशातला पारा गोळीतून येतो. शिवाय शेततळ्यात भरमसाट शेणखत आणि कोंबडीचे अवशेष टाकले की तळाला प्राणवायू उरत नाही. त्याचं काय होतं ते पुढं सांगते.

मूळ पारा येतो मुख्यत्वे हवेतून. कोळशात तो अगदी थोडा असतो, पण कोळसा लाखो टन जळतो. २०१५च्या डिसेंबरात केंद्रानं औष्णिक केंद्रांना धुरातल्या पाऱ्याची मर्यादा घातली, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. चिमणीतून निघालेल्या पाऱ्याचा काही भाग जवळ पडतो. वाफेच्या रूपातला काही महिने हवेत राहून पृथ्वीला फेऱ्या मारतो आणि कुठंही पावसाबरोबर उतरतो. परळी तुमच्या उत्तरेला, किंचित ईशान्येकडं आहे. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे धूर तुमच्यापासून लांब जातो. हिवाळ्यात उलटा. तेव्हा परळीचा वाटा असेलही, पण एका मरळवरून ते कोणी सिद्ध करू शकणार नाही, आणि करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता खरी गोष्ट, जी आपल्या मराठवाड्याची आहे. हवेतून पडलेला पारा तसा फारसा माशात शिरत नाही. त्याचा मिथाइल पारा व्हावा लागतो आणि ते काम तळाच्या गाळातले जिवाणू करतात, जिथं प्राणवायू नसतो तिथं. त्यांना हे जमवून देणारी दोन जनुकं २०१३ मध्ये सापडली. मार्च-एप्रिलमध्ये नाथसागराच्या फुगवट्याला, पाणी मागं सरतं तिथं उतरून बघा. वर राखाडी पापुद्रा, पाय दाबला की खाली डांबरासारखा काळा गाळ, बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास. तो वास सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा, आणि मिथाइल पारा बनवणाऱ्यांत तेच पुढं असतात.

त्यांना लागतं कुजणारं हिरवं. आपल्या तलावांत ते दरसाल आयतं मिळतं. पाणी ओसरलं की गाळपेर, हरभरा, ज्वारी, टरबूज. उरलेल्या जमिनीवर हरळी आणि बेशरम. मृगानंतर तलाव भरतो आणि हे सगळं पाण्याखाली जातं. कॅनडात क्वेबेकच्या ला ग्रांद प्रकल्पातल्या धरणांत जंगल-दलदल बुडाली तेव्हा माशांतला पारा कित्येक पटींनी चढला आणि शिकारी माशांत तो खाली यायला वीस-तीस वर्षं गेली. तिथं बुडणं एकदाच झालं. आपल्याकडं धरण कोरडं पडतं, हिरवं होतं, पुन्हा बुडतं. कोरडं पडून पुन्हा भिजणाऱ्या गाळात हे काम जोरात चालतं. आपल्या उन्हात कुजणंही झपाट्यानं होतं, त्यामुळं कॅनडाचे आकडे इथं जसेच्या तसे लावू नका. दिशा तेवढी घ्या.

तुमच्या तलावात गाळपेर होते का, आणि शेवटचा पूर्ण कधी आटला होता?

---

तळ्याकाठचा

ताई, गाळपेर होते की, त्यावरून दरसाल भांडणं होतात. आमची जाळी आन् त्यांची टरबुजं. २०१६ ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या साली, तलाव ठाक कोरडा. भेगांत पाय जाईल असा. त्यानंतर डोहापुरतं तरी राहिलं. गाळमुक्त धरणवाल्यांनी एका कडेचा गाळ काढून शेतात नेला, दुसरी कडा तशीच.

एक विचारू का, तलाव कोरडा पडल्यावर मरळ मरायला पाहिजेत ना? पुढल्या पावसाळ्यात ते पुन्हा होतेच.

---

गोदाकाठची

मरळ हवेतून श्वास घेतो. ओल्या गाळात, कपारीत, बाजूच्या विहिरी-ओढ्यात टिकतो आणि पाणी आलं की परत. म्हणून दुष्काळात कार्प संपतात आणि म्हातारा मरळ उरतो. पाऱ्याच्या हिशोबानं हे अगदी उलटं झालं.

गाळ काढला ती कडा चांगलीच. पण काढलेला काळा गाळ काठावर ढीग करून ठेवू नका, पहिल्या पावसात परत आत येतो.

---

बेणंवाले आण्णा

मासे मी खात नाही, पण पाऱ्याचं ऐकून लिहितो. आमच्या वेळी उसाची टिपरी लावायच्या आधी ॲगलॉलच्या पाण्यात बुडवायचो. लाल-गुलाबी पाणी, उघड्या हातानं. ते पाऱ्याचंच औषध होतं, बुरशीवर. बुडवून उरलेलं पाणी कुठं ओतायचं असं कोणी सांगितलं नाही, पाटाच्या कडेला ओतायचो. त्या जातीच्या औषधावर २०१८ मध्ये सरकारनं बंदी आणली. तलावाच्या वरच्या अंगाला जुना ऊस असेल तर हेही ध्यानात घ्या.

---

गोदाकाठची

आण्णा, ही माहिती पुस्तकात कमी मिळते. उसाचा आणखी एक धागा आहे. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये ऊस-शेतीतून वाहून येणारं गंधक दलदलीत सल्फेट होऊन पोचतं आणि तिथल्या मिथाइल पाऱ्याशी त्याचा संबंध जोडला जातो. पारा आकाशातून, गंधक शेतातून. आपल्याकडं मळीचं पाणी ओढ्यात सुटतं तेव्हा मासे मरतात एवढंच दिसतं. त्यातलं सल्फेट आणि साखरेचा कचरा तळाशी बसतो, ते कोणी मोजत नाही.

---

तळ्याकाठचा

सगळं कळलं. आता घरचं सांगा. लेक पंचावन्न किलोची असंल. तिनं किती खायचा? आईला ‘मासाच बंद’ म्हणलं तर ती ऐकायची नाही, आन् लेकीला दुसरं काही पचत नाही. कातडं काढून, डोकं टाकून, दोनदा उकळून चालंल का?

---

काचनळी

उकळून जात नाही. मिथाइल पारा चरबीत नाही, मांसातल्या प्रथिनाला चिकटलेला असतो. कातडं काढा, तळा, चिंच घाला, आकडा तोच. उलट शिजवून पाणी कमी झालं की ग्रॅममागं किंचित वाढतो.

हिशोब देतो. जागतिक तज्ज्ञ समितीनं २००३ मध्ये मिथाइल पाऱ्याची आठवड्याची सीमा ठरवली, शरीराच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम. पोटातल्या बाळाच्या मेंदूचा विचार करूनच ती ठरवलीय. पंचावन्न किलोला ८८ मायक्रोग्रॅम. तुमच्या त्या मरळच्या एका ग्रॅममध्ये ०.४२. म्हणजे आठवड्याला २१० ग्रॅम मांसात कोटा संपला. मोठ्या मरळच्या दोन तुकड्या. आठवड्यातून दोन-तीनदा रस्सा म्हणजे कोटा केव्हाच ओलांडला. कटल्याचा हिशोब केला तर आठवड्याला साडेतीन किलो होतो, तेवढा कोणी खातच नाही.

सीमा ओलांडली म्हणजे बाळाला काही झालंच असं समजू नका, त्यात सुरक्षेचं अंतर ठेवलेलं असतं. अंगातला पारा निम्मा व्हायला साधारण पन्नास दिवस लागतात, आज बंद केलं तर बाळंतपणापर्यंत बराच उतरेल. डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि मासा बंद करू नका. गरोदरपणात माशाचं प्रथिन आणि तेल चांगलंच. फक्त मासा बदला.

नातवंडांचंही बघा. पंधरा किलोच्या पोराला याच मरळची सीमा आठवड्याला सत्तावन्न ग्रॅम येते.

---

गोलाईवाला

म्हणजे आता मोठे मरळ घरी नको, आणि ते येणार आमच्या पाटीवर, बरोबर? मरळला भाव सगळ्यात जास्त. घेणारे कोण, तर घरी बाळंतीण नाहीतर आजारी माणूस असलेले. मी रोज बघतो.

---

तळ्याकाठचा

गोलाईवाले, बरोबर बोट ठेवलंत. रात्री संस्थेच्या बैठकीत हेच निघालं. अध्यक्ष म्हणाले मर्यादेत बसतंय तर विकायचं, कायदा काय म्हणतो तेवढं बघा. मी म्हणलं माझ्या लेकीला नको तो दुसऱ्याच्या लेकीला कसा देऊ. बराच वेळ वादावादी झाली. शेवटी एवढं ठरलं की किलोच्या आतला मरळ विकायचा, वरचा विकताना सांगायचं की गरोदर बाईला नि लहान पोराला नको. कोण किती सांगंल ते मला माहीत आहे. पण ठराव लिहून घेतला, सह्या घेतल्या.

आईला पाऱ्याचं काही सांगितलं नाही. डॉक्टरनं कटला सांगितलाय एवढंच म्हणलं. डॉक्टरचं ती ऐकते, माझं नाही. आज कटल्याचं कालवण झालं. ‘पाणचट आहे’ म्हणून तिनं दोनदा मसाला वाढवला.

किलोच्या आतला मरळ खरंच कमी असतो का, हे तपासायचंय. एवढ्या वर्गणीत काय काय होईल?

---

काचनळी

पाणी तपासू नका, तो पैसा वाचवा. सगळा पैसा मरळवर घाला. एकच मासा पाठवून काही कळत नाही. पाव किलो, अर्धा, पाऊण, दीड आणि जो सगळ्यात मोठा सापडेल तो, असे वेगवेगळे. प्रत्येकाची लांबी-वजन काढून चिठ्ठी लावा. पाठीचं मांस घ्या, आतडं-काळीज नको. प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत, बर्फात, गोठवून. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. एक चिलापीही द्या, मरळ तेच खातो. लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता आहे का बघा, आणि त्यांच्या मान्यतेच्या यादीत माशातला पारा आहे का तेही, नुसतं पाण्यातला असून चालत नाही.

आणि नमुना देताना फॉर्मवर ‘निकाल ओल्या वजनावर द्यावा’ असं लिहून त्यांची सही घ्या. नाही म्हणाले तर दुसरी लॅब शोधा.